जिन्यावरची पावलं



सिनेमावरचं व्याख्यान म्हटलं की नट-नट्यांच्या आठवणी ऐकायला मिळतील, अशी अपेक्षा असते. मी आज एका खोलीबद्दल बोलणार आहे. दहा बाय बाराची खोली, वर पत्रे, बाहेर सामाईक नळ, आणि दाराची दुसरी किल्ली मालकाकडे. भाडेकरूच्या छळावर मी सध्या एक पटकथा लिहिते आहे. मानसशास्त्रीय थरारपट म्हणतात त्या जातीची. हा विषय थरारपटाचा का, बातमीचा किंवा माहितीपटाचा का नाही, असं मला अनेकांनी विचारलं. त्याचं उत्तर देण्यासाठी मला तुम्हाला आधी बडोद्याला न्यावं लागेल, १९१७ सालच्या.

कोलंबिया आणि लंडन इथे शिकून आलेले सव्वीस वर्षांचे भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी स्टेशनवर उतरले. महाराज सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार त्यांना ही नोकरी करायची होती. महालेखापालांच्या कचेरीत उमेदवार म्हणून नेमणूक झाली. प्रश्न एकच होता, राहायचं कुठे. हिंदूंच्या विश्यांमध्ये, म्हणजे हॉटेलांमध्ये, जात लपवल्याशिवाय प्रवेश नव्हता. ते एका पारशी सराईत गेले. तिथल्या राखणदाराच्या लक्षात आलं की या तरुणाच्या अंगात पारशांची धर्मखूण असलेली सदरा-कस्ती नाही. पण सराईत उतारू येत नव्हते आणि त्याला चार पैसे हवे होते. तडजोड ठरली: वहीत पारशी नाव लिहायचं.

बाबासाहेबांनी पुढे हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. पटकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो मुळातून वाचावा, असं मला कळकळीने वाटतं. वरचा मजला पूर्ण रिकामा. भल्यामोठ्या दालनात मोडके बाक आणि अडगळीचं सामान भरलेलं. वीज नाही, एक कंदील. वटवाघळांचे आवाज. राखणदार दिवसातून दोनदा वर यायचा, सकाळी चहा-न्याहारी आणि रात्री जेवण घेऊन. त्या एकाकीपणात त्याच्याशी होणारं चार शब्दांचं बोलणंही हवंहवंसं वाटायचं. उरलेलं सामान घेऊन बहिणीचा मुलगा आला. मामाची ती अवस्था बघून तो मोठ्याने रडू लागला, आणि त्याला लगेच परत पाठवून द्यावं लागलं. संस्थानाकडे बंगल्यासाठी अर्ज केला होता. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघण्याच्या तयारीत असताना जिन्यावर खूप पावलं वाजली. नवे उतारू आले असतील, असं त्यांना वाटलं. दारात दहा-बारा धिप्पाड माणसं उभी राहिली, प्रत्येकाच्या हातात काठी. तू कोण? इथे का आलास? पारशी नाव घ्यायची हिंमत कशी झाली? आठवडाभराची मुदत मागितली, ती मिळाली नाही. संध्याकाळी इथे दिसता कामा नये, एवढं बजावून ते गेले. मग ओळखीच्या दोघांची दारं ठोठावली. एक हिंदू, एक ख्रिस्ती. एक म्हणाला, तुम्ही आलात तर घरातले नोकर सोडून जातील. दुसरा म्हणाला, बायको उद्या येते आहे, तिला विचारावं लागेल. दोघंही सभ्य, दोघंही सुशिक्षित. रात्रीच्या मुंबई गाडीची वाट बघत तो जगविख्यात विद्यापीठाचा पदवीधर कामाठी बागेत बसून राहिला.

आता लेखिका म्हणून मी या प्रसंगाकडे बघते तेव्हा मला काय दिसतं? एकही काठी उगारली गेली नाही. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी वाचताना हातापायांत कापरं भरतं, कारण भीती पहिल्या दिवशीच वहीत लिहिली गेली होती. खोटं नाव लिहिल्या क्षणापासून प्रत्येक पाऊल संशयाचं होतं. राखणदार मायाळूही आहे आणि त्याचा स्वार्थही आहे. त्याने आसरा दिला, आणि त्याच आसऱ्यात धोका होता. मित्रांचे नकार इतके मऊ आहेत की त्यांना दोष देणंही अवघड जावं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ज्याच्यावर हे ओढवलं त्याला कसलाही भ्रम झालेला नाही. आपल्याला नेमकं कशाचं भय आहे, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे.

याच्याशेजारी मी आपल्या सगळ्यांच्या लाडक्या सिनेमाचं नाव ठेवते, ते ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. १९८८चा ‘अशी ही बनवाबनवी’. चार मित्रांना पुण्यात खोली मिळत नाही. मालकीणबाई लग्न झालेल्या जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून दोघं बायकांचा वेष घेतात. छपरासाठी खोटी ओळख, आणि ती उघडी पडण्याची धास्ती. बडोद्याची सराई आणि लीलाबाई काळभोरांचा बंगला यांचा सांगाडा एकच आहे. सिनेमात सत्य उघड झालं की लग्नं जुळतात. बडोद्यात दारात काठ्या उभ्या राहिल्या. तो सिनेमा मला मनापासून आवडतो. पण खोली मिळवण्यासाठी खोटं बोलावं लागणं ही आपल्या समाजाला इतकी सवयीची गोष्ट आहे की सगळा महाराष्ट्र त्यावर पिढ्यानपिढ्या हसू शकतो, हे मला लिहिताना सतत जाणवत राहतं. त्या हसण्याच्या खाली जे आहे, ते मला लिहायचं आहे.

जिंतूर, बोरी, चारठाणा या आपल्या पट्ट्यातल्या घराघरांतून कोणी ना कोणी खोली करून राहिलेलं आहे. तालुक्याच्या गावी कॉलेजसाठी, परभणीला क्लाससाठी, पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेसाठी कॉट बेसिसवर. जे ऊसतोडीला जातात त्यांना तर करार, पावती असला शब्दसुद्धा भेटत नाही. कारखान्याच्या माळावर कोपी उभी करायची आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मोडायची. तो वेगळ्या सिनेमाचा विषय आहे आणि तो कोणीतरी इथल्याच मुलीने किंवा मुलाने करावा, असं मला वाटतं.

खोली मागायला गेल्यावर पहिला प्रश्न आडनावाचा असतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतात, मग गावातली गल्ली. तरी कळलं नाही तर, ‘मटण-मच्छी चालत नाही हं आमच्याकडे.’ अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात याची पद्धतशीर तपासणी केली होती. जाहिरात बघून वेगवेगळ्या नावांनी घरमालकांना फोन केले. २०१५ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावांना फोनवर नकार नव्हता. दलित नावांना होता, आणि मुस्लिम नावांना सगळ्यांत जास्त. फोनवर माणूस दिसत नाही, त्याचा पगार दिसत नाही, स्वभाव कळत नाही. नाव तेवढं ऐकू येतं.

माझ्या पटकथेतली बाई परिचारिका आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बदली होऊन आलेली, नवरा लांब कंपनीत, सोबत सहा वर्षांची मुलगी. वरच्या मजल्यावरची खोली मिळते. तिच्या आडनावावरून काही कळत नाही, आणि तीही आपणहून सांगत नाही. बाबासाहेबांचा फोटो तिने भिंतीवर लावलेला नाही, कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला आहे. मालक सेवानिवृत्त, गोड बोलणारे. मुलगी त्यांना आजोबा म्हणते. एका सकाळी रात्रपाळी करून ती घरी येते, कपाट उघडते. फोटो तिथेच आहे, पण पालथा. दाराला कुलूप तसंच होतं. त्या दिवसापासून घरात काही बदलत नाही आणि सगळं बदलतं.

पुढे जे घडतं त्यातली एकही गोष्ट मला कल्पनेतून काढावी लागली नाही. आपल्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टाकीचा कॉक आणि बोअरच्या मोटारीचं बटण ज्याच्या हाती, त्याच्या हाती घर. टाकी भरलेली असते आणि परिचारिकेच्या नळाला धार येत नाही. ‘काय की बाई, वर प्रेशरच येत नसंल,’ मालकीणबाई म्हणतात. जिन्यातला बल्ब जातो आणि नवा लागत नाही. अंगणातली तिची दोरी कोणीतरी सोडून ठेवतं. ‘तुमच्याकडं पाहुणे फार येतात.’ ‘मिस्टर कधी दिसत नाहीत?’ ‘मुलगी रात्री पळती का हो खोलीत? खाली आवाज येतो.’ यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर साधं आहे. पोलीस ठाण्यात जाऊन सांगावं तर काय सांगणार? ती जाते, तेव्हा हवालदार म्हणतात, ‘ताई, हा दिवाणी मामला आहे.’

छळ हा असा थेंबाथेंबाने होतो म्हणून तो बातमीत मावत नाही. बातमीला घटना लागते. थरारपटाला घटनेच्या आधीचा वेळ लागतो. पाण्याची बादली रिकामी राहणं दोन तासांच्या कथेत साठत साठत जातं आणि प्रेक्षकाच्या छातीवर बसतं. हे काम या एकाच प्रकाराला साधतं, म्हणून मी तो निवडला.

या वाटेवर माझ्याआधी चाललेले आहेत. सईद अख्तर मिर्झांचा ‘मोहन जोशी हाजिर हो!’ १९८४चा. मोडकळीला आलेल्या चाळीच्या दुरुस्तीसाठी एक म्हातारं जोडपं मालकावर दावा लावतं. भीष्म साहनी आणि दीना पाठक यांनी ते दोघं उभे केले आहेत. वर्षं जातात, वकील गब्बर होतात. शेवटी न्यायाधीश पाहणीला येणार म्हटल्यावर मालकाची माणसं तात्पुरती टेकणं लावून इमारत सजवतात, आणि म्हातारा संतापाने ती टेकणंच ओढून काढतो. तो उपहासाचा सिनेमा आहे, पण त्यातल्या खोट्या टेकणांइतकी भयंकर वस्तू मी फार थोड्या भयपटांत पाहिली आहे. विक्रमादित्य मोटवानेंच्या ‘ट्रॅप्ड’मधला तरुण परवडणारी खोली मिळेना म्हणून एका ओसाड उंच इमारतीत जातो आणि आत अडकतो. आणि मराठीत, विशाल फुरियांचा ‘लपाछपी’, २०१७. उसाच्या फडातलं घर, आसऱ्याला आलेली गरोदर बाई, आणि स्त्रीभ्रूणहत्येचा सगळा इतिहास त्या उसात लपलेला. आपला प्रेक्षक सामाजिक प्रश्न भीतीच्या वाटेने स्वीकारतो, याचा तो मोठा पुरावा आहे.

पण सगळ्यांत जवळचा पूर्वज मला सिनेमात नाही, नाटकात सापडला. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, १९६७. ओळखीची, हसरी, मध्यमवर्गीय माणसं वेळ घालवायला अभिरूप खटल्याचा खेळ मांडतात आणि बघता बघता तो खेळ त्यांच्यातल्याच बेणारेबाईंची शिकार होतो. गुंड नाही, खलनायक नाही. सभ्य माणसांचं एकत्र येणं पुरतं. माझ्या कथेतले शेजारी मला त्या नाटकाने दिले.

इथे एका मोहाबद्दल बोलायला हवं. मानसशास्त्रीय थरारपटात एक ठरलेली युक्ती असते: शेवटी कळतं की सगळं नायिकेच्या डोक्यात होतं. रोलाँ तोपोर या फ्रेंच लेखकाची १९६४ची कादंबरी अशीच एका भाडेकरूवर आहे. शेजाऱ्यांच्या तक्रारींनी पोखरत जाऊन त्याचं भान सुटतं. ती मोठी कलाकृती आहे. तोपोर स्वतः ज्यू स्थलांतरितांचा मुलगा, बालपण नाझी काळात लपून काढलेला. शेजाऱ्यांच्या नजरेची धास्ती त्याला बाहेरून शिकावी लागली नसणार. तरीही मी माझ्या परिचारिकेला वेडी ठरवणार नाही. मला अशी सूचना अनेक जाणत्या मंडळींनी केली आहे, शेवटाला कलाटणी मिळेल म्हणून. ज्या बाईचं म्हणणं मालक, शेजारी आणि ठाणं कोणीच खरं धरत नाही, तिला सिनेमानेही खोटं पाडायचं, तर मग आम्ही मालकाच्याच बाजूने दावा लढवल्यासारखं होईल. तिची भीती खरी आहे, आणि तिने नोंदवलेली प्रत्येक खूण खरी निघाली पाहिजे, हा या पटकथेचा पाया आहे.

मग रहस्य कुठून आणायचं? पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८च्या ‘गॅस लाइट’ नाटकात एक अप्रतिम जागा आहे. रात्री नवरा बाहेर गेला की खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो. बायकोला वाटतं आपल्याला भास होतो. वास्तविक तो वरच्या बंद मजल्यावर चोरून दिवा लावत असतो, आणि नळी एकच असल्याने खालचा दाब कमी होतो. माणूस खोटं बोलतो, घराची नळी खरं सांगते. आमच्याकडे गॅसची नळी नाही, सबमीटर आहे. परिचारिका रात्रपाळीला जाताना मेन स्विच बंद करते आणि मीटरचा आकडा मुलीच्या जुन्या वहीत लिहिते. परत येते तेव्हा आकडा पुढे गेलेला असतो. बंद खोलीत कोणीतरी दिवा लावून बसलं होतं. त्या वहीतले आकडे पुढे सगळ्या कथेचा कणा होतात.

कायदाही मला असाच, कथेचा भाग म्हणून हवा आहे. निजामाच्या राज्यात असलेल्या आपल्या मराठवाड्याला पुढे कितीतरी वर्षं हैदराबाद राज्याचा १९५४चा घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता. मुंबईचा १९४७चा, विदर्भाचा निराळा. हे सगळे गुंडाळून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. परिशिष्टात दिलेल्या शहरांना तो लागू होतो. त्याचं २९वं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कोणीतरी माझी पटकथाच वाचून ते लिहिलं असावं, असं मला वाटलं. मालकाने पाणी, वीज, सफाईची सोय तोडू नये किंवा अडवू नये. या यादीत जिन्यातला आणि बोळातला दिवासुद्धा आहे. मालकाच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे नगरपालिकेने जोडणी तोडली, तरी ती मालकानेच अडवली असं धरलं जातं. म्हणजे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं, माणसाला घरातून घालवायला काठी लागत नाही, बल्ब काढला तरी पुरतो.

आणि ५५वं कलम. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल, तर ज्या अटींवर जागा दिली त्याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. स्टँप पेपरवर नोटरी करून आणलेला अकरा महिन्यांचा कागद म्हणजे दुय्यम निबंधकाकडची नोंदणी नव्हे. इतके दिवस जिचं कोणी ऐकलं नाही, तिच्या शब्दाला एका कलमामुळे वजन येतं. कुठल्याही पटकथाकाराने कल्पिलेल्या कलाटणीपेक्षा ही कलाटणी मला मोठी वाटते. लोक कायदा वकिलाकडे जाऊन शिकत नाहीत, सिनेमातून ऐकतात. त्यामुळे यातलं एकही वाक्य मी सोयीसाठी वाकवणार नाही.

मालकाबद्दल बोलायलाच हवं, कारण इथे बसलेल्यांत घरमालकही आहेत. मुंबईत १९४७च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली आणि ती पन्नास वर्षं तिथेच राहिली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं की ही गोठवणूक आता अवाजवी झाली आहे. १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची वाट दिली. ज्या मालकाला भाड्यातून जिन्याची पायरीही दुरुस्त करता आली नाही, त्याची चीड मी समजू शकते. तालुक्याच्या गावातला मालक तर बहुतेकदा फंडाचे पैसे घालून वर दोन खोल्या काढलेला शिक्षक किंवा कारकून असतो. खोलीवर कब्जा होईल म्हणून त्याला रात्री झोप येत नाही. माझ्या कथेतल्या मालकांना मी ही भीती पूर्ण दिली आहे. ते गेटचं कुलूप दोनदा तपासतात, औषधाच्या डबीत पावत्या जपतात. पण मुदत संपल्यावर खोली न सोडणाऱ्याला काढण्यासाठी त्याच कायद्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायची वाट आहे, दुप्पट रक्कम वसूल करायची सोय आहे. मालकाकडे कायदा आहे, आणि कायद्याशिवाय किल्लीही आहे. भाडेकरूकडे मालकाच्या घराची किल्ली नाही. दोन भीती समान आहेत, असं मी दाखवणार नाही.

चित्रीकरणासाठी मला सेट नको आहे. खरं घर हवं, ज्याच्या भिंतीतून खालच्या मजल्यावरची टीव्हीची मालिका ऐकू येते. पार्श्वसंगीत शक्य तितकं कमी. रिकाम्या नळातून हवा येतानाचा घुरघुराट, मोटार सुरू झाल्याचा धक्का, फरशीवर सरकणारी खुर्ची, आणि जिन्यावरची पावलं, एवढ्यावर मला भीती उभी करता आली पाहिजे. मुलीचं काम करणाऱ्या बाळाला मात्र चित्रीकरणात कुठल्याही क्षणी खरोखर घाबरवायचं नाही, हे आम्ही आधीच लिहून ठेवलं आहे. तिच्या हसण्यावरच सिनेमाचा अर्धा भार आहे.

शेवट लिहून झालेला आहे. ती घर सोडत नाही. वही घेऊन न्यायालयात जाते. निकाल पडद्यावर दिसत नाही, कारण माझ्या परिचयातल्या बहुतेक भाडेकरूंना तो अजून मिळालेला नाही.

या सभागृहात मागच्या रांगांत खोल्या करून राहणारे बरेच विद्यार्थी बसलेले दिसत आहेत. बदलीच्या नोकरीतल्या बहिणीही आहेत. कार्यक्रमानंतर मी इथेच थांबणार आहे. तुमच्या मालकाचं नाव मला नको, तुमचंही नको. नळ बंद झाला तेव्हा तुम्हाला काय कारण सांगितलं गेलं, आडनावानंतर दुसरा प्रश्न कोणता आला, आणि खोली सोडताना अनामत रक्कम कशाकशाच्या नावाखाली कापली, एवढं सांगा. आणि भाड्याची पावती मागा. ती देणं मालकावर बंधनकारक आहे.